सायकलच्या रंगीत भागांचा रंग किती टिकतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल, निळा, सोनेरी, जांभळा ही छटांची नावे आहेत. त्यांवरून टिकाऊपणाचा काहीही अंदाज येत नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या, डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन लाल स्टेमपैकी (स्टेम म्हणजे हँडलबार पकडून ठेवणारा भाग) एकाचा रंग धातूच्या कातडीत मुरलेला असतो, तर दुसऱ्याचा धातूवर नुसता बसवलेला असतो, आणि दोन वर्षांनंतर ते दोन्ही स्टेम एकाच दुकानातून आणले होते यावर विश्वास बसत नाही. म्हणून पुढील उत्तरांत रंगापेक्षा त्याखालच्या प्रक्रियेविषयी आणि तो भाग कशाला घासतो याविषयीच अधिक लिहिले आहे.

सायकलच्या रंगीत भागांवर कोणकोणत्या प्रकारचे लेप असतात?

अ‍ॅल्युमिनियमच्या हब (चाकाचा मध्यभाग), स्टेम, चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), सीट क्लॅम्प, पेडल अशा भागांवर बहुधा अ‍ॅनोडायझिंग असते. फ्रेम, फोर्क आणि काही हँडलबारांवर ओला रंग किंवा पावडर कोटिंग असते. चेन, कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच), सस्पेन्शन फोर्कच्या (दणके शोषणाऱ्या पुढच्या चिमट्याच्या) नळ्या यांच्यावर कधी कधी निर्वात कक्षात बसवलेला धातू-नायट्राइडचा अतिपातळ थर असतो. पोलादी भागांवर क्रोम-निकेलचा मुलामा किंवा साधा काळा ऑक्साइड असतो. टायटॅनियमचे बोल्ट मात्र या सर्वांहून वेगळ्या रीतीने रंगवलेले असतात. त्याविषयी पुढे येईल.

अ‍ॅनोडायझिंग हाही रंगच ना? मग त्याचे पोपडे का निघत नाहीत?

कारण तो वरून लावलेला रंग नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचा भाग सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात टांगून त्याला विजेच्या धन टोकाशी जोडले की त्याच्या पृष्ठभागाचेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये रूपांतर होऊ लागते. हा थर अंशतः आत आणि अंशतः बाहेर वाढतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी, उभी, अतिसूक्ष्म छिद्रे असतात. रंगीत भागांच्या बाबतीत त्या छिद्रांमध्ये रंगद्रव्य शोषून घेतले जाते आणि शेवटी जवळजवळ उकळत्या पाण्यात भाग बुडवून छिद्रांची तोंडे बंद केली जातात. थर धातूतूनच उगवलेला असल्यामुळे त्याच्या आणि धातूच्या मध्ये पापुद्रा सुटावा अशी सांधच राहत नाही. या तंत्राचा औद्योगिक वापर १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी सुरू झाला. तेव्हा क्रोमिक आम्ल वापरले जाई, आणि सल्फ्युरिक आम्लाची पद्धत १९२७ च्या पेटंटने पुढे आली. म्हणजे आज आपण ज्याच्याकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहतो, ते मुळात गंजप्रतिबंधाचे काम होते.

छिद्रांची तोंडे नीट बंद झाली नसतील, तर रंग झिजण्याआधीच वाहून जातो. नवा भाग ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसल्यावर फडक्याला रंग लागला, तर तो भाग परत करावा.

म्हणजे अ‍ॅनोडाइज्ड भागावर ओरखडा उठतच नाही?

उठतो, आणि तो का उठतो हे समजण्यासाठी काही आकडे जवळ ठेवणे उपयोगाचे आहे. कठीणपणा मोजण्याच्या विकर्स पद्धतीनुसार सायकलच्या भागांत नेहमी वापरला जाणारा ६०६१-टी६ हा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू ११० च्या आसपास असतो. रंगीत अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण २०० ते ३०० पर्यंत जातो, हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा ३५० ते ५०० पर्यंत. रस्त्यावरच्या धुळीत आणि वाळूत जो क्वार्ट्‌झ असतो, तो मात्र हजाराच्या घरात असतो. तेव्हा नखाने, प्लास्टिकने किंवा कापडाने या थरावर काही होत नाही; पण त्याच कापडात वाळूचे कण अडकले असतील, तर ते कापड पॉलिश पेपरचेच काम करते. चिखल वाळलेली सायकल कोरड्या फडक्याने पुसणे हा रंगीत भाग खराब करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि तो आपण स्वच्छतेच्या समाधानात पत्करतो, ही यातली गंमत.

दुसरा मुद्दा जाडीचा. रंगीत अ‍ॅनोडायझिंगचा थर बहुधा ५ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकाच असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर तो फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतो. स्क्रू-ड्रायव्हर निसटला, सायकल दगडी कठड्यावर आपटली किंवा क्रँक (पेडल धरणारा दांडा) खडकाला घासला, की थर कितीही कठीण असला तरी खालचा मऊ धातू दबतो आणि थर त्याच्यासोबत फुटतो. गादीवर काच अंथरून त्यावर उभे राहण्यासारखा हा प्रकार आहे.

मग हार्ड अ‍ॅनोडायझिंगच का घेऊ नये?

घ्यावे, पण रंगांची अपेक्षा सोडून. थंड द्रावणात आणि अधिक वीजप्रवाहावर वाढवलेला हा थर २५ मायक्रॉनपासून पुढे, साधारणपणे ५० च्या आसपास असतो, आणि तो मुळातच करडा, तपकिरी किंवा काळपट उतरतो. त्यावर काळा रंग चांगला बसतो; चमकदार निळा किंवा गुलाबी बसत नाही. सस्पेन्शन फोर्कच्या सोनेरी-तपकिरी नळ्यांवरील प्रसिद्ध ‘काशिमा’ लेप हाही हार्ड अ‍ॅनोडायझिंगचाच प्रकार असून त्याच्या छिद्रांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे वंगण भरलेले असते.

जाड थराला एक किंमतही आहे. ऑक्साइड ठिसूळ असते आणि वारंवार वाकणाऱ्या भागात त्यातील सूक्ष्म तडे खालच्या धातूत उतरू शकतात, म्हणून थकवा सोसणाऱ्या भागांवर तो विचारपूर्वकच वापरला जातो.

पावडर कोटिंग आणि ओला रंग यांपैकी ओरखड्यांना काय अधिक दाद देत नाही?

टवके उडण्याच्या बाबतीत पावडर कोटिंग सरस ठरते. विद्युतभारित भुकटी भागावर चिकटवून ती साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवली जाते. थर ६० ते १०० मायक्रॉनचा आणि किंचित लवचिक असतो, त्यामुळे दगड उडून लागला तरी तो बहुधा नुसता दबतो. मात्र लवचिक म्हणजे कठीण नव्हे. सारखी घासणारी केबल पावडर कोटिंगमध्ये हळूहळू खोबण पाडते.

ओल्या रंगात प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जवळजवळ तेवढीच जाडी भरते, पण त्याचे भवितव्य सगळे वरच्या पारदर्शक थरावर अवलंबून असते. तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन असेल, तर रंग वर्षानुवर्षे नीट राहतो. शिवाय हलके चरे पॉलिशने घालवता येतात, जी सोय अ‍ॅनोडायझिंगमध्ये अजिबात नाही. मॅट पारदर्शक थराला ही सोय लागू नाही : तो घासला की चकाकतो आणि ती चकाकी परत मॅट करता येत नाही. वरच्या नळीवर मांड्या घासून पडलेले तेलकट दिसणारे दोन पट्टे मॅट फ्रेमच्या मालकांना चांगलेच ओळखीचे असतील.

पावडर कोटिंगविषयी एक इशारा आवश्यक आहे. ज्या पृष्ठभागावर बोल्ट, बेअरिंगचा कप किंवा क्लॅम्प घट्ट बसायचा आहे, तिथे हा जाड थर ठेवू नये. दाबाखाली तो हळूहळू दबतो किंवा फुटतो आणि घट्ट केलेला बोल्ट सैल पडतो. चांगला कारागीर असे पृष्ठभाग आणि सर्व आटे झाकूनच भाग भट्टीत घालतो.

सोनेरी चेन आणि इंद्रधनुषी कॅसेट यांचा लेप सर्वांत कठीण असतो म्हणतात. तरीही तो का जातो?

निर्वात कक्षात बाष्परूपाने बसवलेला टायटॅनियम नायट्राइडचा थर विकर्स मोजणीत २००० च्या पुढे जातो, म्हणजे तो क्वार्ट्‌झहूनही कठीण असतो. ड्रिलच्या सोनेरी टोकांवर हाच लेप असतो. परंतु त्याची जाडी एक ते पाच मायक्रॉन एवढीच असते. पोलादी चेनवर त्याला खालून भक्कम आधार मिळतो. तरीही चेनच्या पट्ट्या कॅसेटच्या दात्यांवरून बाजूने सरकतात, मधे वाळू आणि काळे झालेले तेल असते, आणि प्रत्येक गिअर बदलताना कडा एकमेकींवर आदळतात. काही शेकडा किलोमीटरनंतर पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू सोनेरी आणि कडा रुपेरी दिसू लागतात. त्यात लेपाचा दोष नाही. तिथे कोणताही लेप टिकला नसता.

अ‍ॅल्युमिनियमच्या पेडलवर किंवा स्टेमवर हाच इंद्रधनुषी थर असेल, तर आधार मऊ असल्याने तो लवकर फुटतो. त्यातही काही वेळा कठीण नायट्राइड नसून निर्वातात उडवलेला शोभेचा पातळ धातू आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतो. अशा वेळी ओरखडा लॅकरवर उठतो, आणि लॅकर कठीण नसतो.

टायटॅनियमच्या बोल्टांचा रंग इतका नाजूक का?

टायटॅनियमवरही विजेनेच ऑक्साइड वाढवतात, पण त्यात रंगद्रव्य नसते. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात, तसे प्रकाशाच्या परावर्तनातून ते उमटतात. व्होल्टेज बदलून थराची जाडी बदलली की निळ्याचा सोनेरी आणि सोनेरीचा गुलाबी होतो. शुद्ध लाल आणि काळा या मार्गाने मिळत नाही. थराची जाडी मायक्रॉनच्या एक-दोन दशांशांइतकीच असल्यामुळे षट्‌कोनी पान्याने एकदा घट्ट केल्यावर बोल्टच्या डोक्यातील कोपरे करडे होतात. बोटांच्या तेलाचा पातळ थर बसला तरी छटा बदललेली दिसते, पण ती स्पिरिटने पुसल्यावर परत येते. बोल्टचा रंग उडाल्याचे म्हणणाऱ्यांनी आधी तो पुसून पाहावा.

कोणत्या भागाचा रंग कुठून आधी जातो?

क्रँकपासून सुरुवात करावी लागते. माझ्या काळ्या अ‍ॅनोडाइज्ड क्रँकवर, पेडलपासून चार बोटे वर, अंगठ्याएवढा लांबट रुपेरी डाग आहे; त्याच्या भोवती करड्या रंगाचे वलय आहे, जिथे थर पातळ झाला आहे पण अजून संपलेला नाही, आणि भिंगातून पाहिले तर त्या वलयातील सगळ्या रेघा एकाच दिशेने, पायाच्या हालचालीला समांतर गेलेल्या दिसतात. हे काम बुटाच्या कडेचे आहे. रबर मऊ असते हे खरे, पण त्यात रुतलेली धूळ मऊ नसते, आणि मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या अशा हिशेबाने तासाभरात पाच हजार वेळा ती तिथून जाते. उजव्या क्रँकवरचा डाग डाव्यापेक्षा मोठा आहे. माझा उजवा पाय किंचित आत वळतो हे मला त्या डागावरूनच कळले.

सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्यावर, उभे चरे पडतात, आणि ते बहुतेक आपणच पाडतो. उंची बदलताना फ्रेमची नळी न पुसता सीटपोस्ट आत-बाहेर केला, की आतली वाळू त्यावर सरळ रेघा ओढते. पुसून, ग्रीस लावून, न फिरवता सरकवला तर हे टळते. सीटपोस्ट कार्बनचा असेल, तर ग्रीसऐवजी त्यासाठीची कणयुक्त पेस्ट वापरावी लागते आणि तिचे कण रंगाला ओरखडतातच. तिथे हा सौदा मान्य करणे बरे.

रिम-ब्रेक असलेल्या चाकावर ब्रेक लागणाऱ्या पट्ट्यावरचे रंगीत अ‍ॅनोडायझिंग काही पावसाळी फेऱ्यांतच निघून जाते. हेडट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीवर) केबलच्या आवरणाचे चंद्रकोरीसारखे घासे पडतात. चेनच्या आपटण्याने उजव्या चेनस्टेचे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या, चेनलगतच्या नळीचे) टवके उडतात. हबच्या कडेला आऱ्यांचे डोके टेकते तिथे रंग जातो, पण तो आऱ्याखालीच झाकलेला राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या रंगीत निपलांचे (आऱ्यांची टोके रिमला पकडणाऱ्या छोट्या नटांचे) कोपरे मात्र चाक सरळ करताना पान्याने सोलले जातात. चारही बाजूंनी पकडणारा, नेमक्या मापाचा पाना वापरला तर नुकसान कमी होते.

पेडल हा रंगाचा सर्वांत मोठा शत्रू. रंगीत पेडल हौसेने घ्यावेत आणि पहिल्याच दगडानंतर त्यांची चर्चा करू नये.

उलट स्टेमखालच्या रिंगा, हेडसेटची टोपी, सीट क्लॅम्प, बाटलीच्या जाळीचे बोल्ट आणि हबचे मधले अंग यांना कशाचाही घासा लागत नाही. रंगासाठी पैसे मोजायचेच असतील, तर ते इथे मोजावेत, असे माझे मत आहे.

चेनरिंगच्या दात्यांचा रंग गेला. चेनरिंग झिजली का?

नाही. दात्यांवरचा रंग चेन काही दिवसांतच घासून टाकते. झीज ही दात्याच्या आकारावरून ओळखायची : दाते एका बाजूला झुकलेले, शार्क माशाच्या पाठीवरच्या परासारखे टोकदार झालेले किंवा चेन सोडताना अडकणारे दिसले, तर चेनरिंग बदलावी. रुपेरी झालेले पण आकाराने शाबूत दाते अनेक हंगाम चालतात.

ओरखड्याने केवळ शोभा जाते की भागाचे नुकसानही होते?

अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक भागांत केवळ शोभाच जाते, कारण उघड्या पडलेल्या धातूवर लगेच काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा नैसर्गिक थर तयार होतो. पोलादी फ्रेमवर मात्र टवक्याखालून गंज रंगाच्या आत पसरतो आणि फोड येतात. ती जागा त्याच आठवड्यात बंद करावी. क्रोम-निकेलच्या मुलाम्याचेही तसेच आहे : शोभेचे क्रोम एका मायक्रॉनहूनही पातळ असते, खरे संरक्षण खालचे निकेल करते, आणि त्याला भोक पडले की पोलाद गंजू लागते.

दोन अपवाद गंभीर आहेत. सस्पेन्शन फोर्कच्या सरकणाऱ्या नळीवर नखाला लागेल असा चरा असेल, तर तो प्रत्येक फेरीला सील कापतो आणि तेल गळू लागते. कार्बनच्या भागावर रंग तडकलेला दिसला, तर ते नुसते रंगाचे तडकणे आहे की खालचे थर सुटले आहेत, हे जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत सायकल चालवू नये.

उन्हाने रंग विटतो का?

अ‍ॅनोडायझिंगमधील रंगद्रव्ये बहुधा सेंद्रिय असतात आणि अतिनील किरणांनी ती मोडतात. गुलाबी, जांभळा आणि काही लाल छटा आधी फिक्या पडतात. लोहक्षारातून मिळणारा सोनेरी आणि छिद्रांच्या तळाशी विजेने कथिल बसवून मिळणारे तपकिरी व काळे रंग उन्हाला चांगलेच दाद देत नाहीत. पावडर कोटिंगमध्ये इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी होते, पॉलिएस्टर बराच टिकतो. खिडकीत उभी राहणारी सायकल एकाच बाजूने विटते; तिची दिशा अधूनमधून बदलावी.

कोणते क्लीनर रंगीत भागांना चालतात?

सौम्य साबण आणि पाणी. तीव्र अल्कली अ‍ॅनोडायझिंग अक्षरशः विरघळवते. जुना थर काढण्यासाठी कारखान्यांत कॉस्टिक सोडाच वापरतात. एका वर्कशॉपमध्ये माझी जांभळी चेनरिंग ग्रीस काढण्यासाठी रात्रभर कसल्याशा पिवळ्या द्रावणात ठेवली होती. सकाळी ती फिकट राखाडी रंगाची, पावडर लावल्यासारखी होऊन निघाली आणि द्रावणाला जांभळी झाक आली होती. ‘अ‍ॅल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असे लिहिलेले नसेल, तर ते क्लीनर चेनपुरतेच, तेही चेन सुटी काढून, वापरावे. डॉट प्रकारचे ब्रेक ऑइल फ्रेमच्या रंगावर सांडले, तर ते रंग मऊ करून सोलते. तत्काळ पाण्याने धुवावे.

गेलेला रंग परत आणता येतो का?

रंगवलेल्या भागावर जुळत्या इनॅमलचा ठिपका देता येतो. अ‍ॅनोडायझिंग एकाच जागी दुरुस्त होत नाही. काळ्या भागावरील चरा परमनंट मार्करने झाकला, तर काही आठवडे तो दिसत नाही, पण उघड्या धातूत शाई धरून ठेवणारी छिद्रे नसल्याने ती पुसली जाते. संपूर्ण थर काढून नव्याने अ‍ॅनोडायझिंग करता येते, मात्र प्रत्येक वेळी धातूचे काही मायक्रॉन कायमचे जातात. ज्यात बेअरिंग दाबून बसवायची आहे अशा हबच्या बाबतीत एवढा फरकही सैलपणा आणतो.

संरक्षक फिल्म, मेण आणि सिरॅमिक लेप यांचा उपयोग होतो का?

पॉलियुरेथेनच्या फिल्मचा निश्चित होतो. ही कल्पना हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूपासून वाचवण्याच्या पट्ट्यांवरून आली. साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची फिल्म, म्हणजे रंगाच्या दुप्पट जाडी, आणि ती कठीण नसून चिवट असते. घासणारी धूळ तिच्यात रुतते, तिला कापत नाही. केबलचे घासे, चेनस्टे आणि क्रँकवरील बुटाची जागा या तीन ठिकाणी लावली तरी पुरते. लावण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा, नाहीतर फिल्मखाली अडकलेला कण तिथेच रंग घासत राहतो.

मेण आणि सिरॅमिक लेपामुळे चिखल लवकर सुटतो, त्यामुळे घासावे कमी लागते. त्यांचा फायदा एवढाच. दगड किंवा बूट त्यांना जुमानत नाहीत.

विकत घेताना लेप कसा ओळखावा?

अ‍ॅनोडायझिंगखाली धातूवरच्या यंत्रकामाच्या बारीक रेघा दिसतात आणि रंगाला धातूची झळाळी असते. रंग आणि पावडर कोटिंग या रेघा भरून काढतात आणि कडा गोलसर होतात. मल्टिमीटर जवळ असेल, तर तो तारेची सलगता तपासताना बीप करणाऱ्या खुणेवर ठेवून त्याची टोके हलकेच टेकवावीत : अ‍ॅनोडायझिंग वीजरोधक असल्याने आवाज येत नाही, टायटॅनियम नायट्राइडवर येतो. टोके दाबून खरवडू नयेत, नाहीतर चाचणीच पहिला ओरखडा ठरते. वर्णनात थराची जाडी मायक्रॉनमध्ये दिलेली असेल, तर तो भाग बनवणाऱ्याने लेपाचा विचार केला आहे असे समजायला हरकत नाही. ‘प्रीमियम फिनिश’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

एकाच सायकलवर वेगवेगळ्या उत्पादकांचे लाल भाग लावले, तर ते जुळतील का?

सहसा नाही. मिश्रधातू, थराची जाडी, रंगद्रव्य आणि बुडवण्याचा वेळ यांत किंचित फरक पडला तरी छटा बदलते. एकाच उत्पादकाच्या दोन खेपांतही ती बदलू शकते. जुळवायचेच असेल, तर काळा घ्यावा, आणि तोही उन्हात शेजारी ठेवून पाहावा.